चिखलाची बावीस मिनिटं

कंडक्टरबाईंनी एकदा भर रस्त्यात गाडी थांबवली होती, ती एका माणसाने मोबाइलवरचा सिनेमा पुढे पळवला म्हणून. पेणहून रोह्याला जाणारी सकाळची गाडी. नागोठणं नुकतंच मागे पडलं होतं. आत धाटावच्या कंपन्यांत जनरल शिफ्टला जाणारी आम्ही माणसं, निम्मी झोपलेली. बाई तिकिटं देत मागच्या सीटपर्यंत गेल्या आणि तिथेच अडकल्या.

"ते का पळवलंस?"

"काय?" त्या माणसाने कानातली वायर काढली.

"आत्ता बोटानं पुढं ढकललंस ते."

"बोअर होतं हो मॅडम. नुसता चिखल दाखवतायत."

बाईंनी दोरी ओढली. ड्रायव्हरने बिचकून ब्रेक मारला, झोपलेल्यांची डोकी पुढच्या दांड्यावर आपटली. "मागं घे," बाई म्हणाल्या. तो म्हणाला, मोबाइल माझा आहे. बाई म्हणाल्या, "आनि गाडी माझी हाय." त्याने मुकाट्याने बोट उलटं फिरवलं. चिखल पुन्हा सुरू झाल्याची खात्री करून घेतल्यावरच बाईंनी दोनदा दोरी ओढली आणि गाडी हलली.

मी तेव्हा हसले होते. गाडीतले सगळेच हसले. पुढे त्याच चिखलावरून जे झालं ते सांगायला मी बसले आहे. शांतपणे सांगायचं असं ठरवलं आहे, पण आठवलं की अजून कानशिलं तापतात, तेव्हा जमेलच असं नाही.

आधी त्या पुस्तकांचं सांगते. पाच पुस्तकांची परदेशी मालिका. नाव सांगत नाही. ज्यांनी वाचली त्यांना कळेल, आणि बाकीच्यांशी तिच्यावरून नव्याने भांडायची माझ्यात ताकद नाही. सहा जण एक निखारा विझू न देता डोंगरातून समुद्राकडे घेऊन निघतात. समुद्रकाठच्या किल्ल्यावरचा दिवा त्याने पेटला तर राज्य वाचणार, नाहीतर बुडणार, एवढीच गोष्ट. त्यावर पाच सिनेमे निघाले. चौथ्या सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत. एक थेटरात लागली ती, हिंदीतही मिळते. दुसरी लांब, नंतर आली, फक्त इंग्रजीत. दोन्हींत फरक आहे तो मुख्यतः बावीस मिनिटांचा. छोट्या आवृत्तीत ते सहा जण एका दृश्यात खाऱ्या दलदलीत शिरतात आणि पुढच्या दृश्यात पलीकडच्या किनाऱ्यावर पाय पुसत असतात. लांब आवृत्तीत ते कसे पार झाले ते दाखवलं आहे. ही बावीस मिनिटं हवीत की नकोत यावर जगभरची माणसं एकमेकांना शिव्या घालत आली आहेत. पेण आणि रोहा त्याला अपवाद नव्हते.

बाईंची माझी ओळख त्या पुस्तकांमुळेच झाली. मी धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये नवीन लागले होते आणि जाता-येता तिसरा भाग वाचत होते. तिकीट देता देता त्यांनी वाकून पुस्तकाचं नाव पाहिलं. "तिसरा हाय? मग मी गप बसते," एवढंच म्हणाल्या, आणि खरंच सव्वा महिना गप बसल्या. रोज पुस्तकातली खूण कुठवर सरकली आहे ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायच्या. ज्या दिवशी मी पाचवा भाग मिटला, त्या दिवशी माझ्या शेजारच्या बाईला उठवून दुसरीकडे बसवलं आणि भिसे खिंड संपेपर्यंत एकट्या बोलत राहिल्या. मला नाव कधी विचारलं नाही. त्यांच्या लेखी मी 'लॅबवाली' होते.

त्यांनी पाचही भाग मराठीत वाचले होते, रोहा स्टँडवर गाडी उभी असे त्या वीस-वीस मिनिटांत. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायचं नसतं हे त्यांना मान्य नव्हतं. चौथ्या भागात अनुवादकाने जिथे जिथे 'दलदल' लिहिलं होतं तिथे तिथे बाईंनी निळ्या पेनने ते खोडून 'खाजण' असं लिहिलं होतं. ग्रंथपालांनी पकडलं तेव्हा म्हणाल्या, "दलदल म्हंजे नुसता चिखल. खाजनाला भरती असते, बांध असतो, मानसं असतात. चूक दुरुस्त केली तर तुम्हाला राग कसला?" ग्रंथपालांनी दुसरी प्रत मागवली. बाईंनी तीही दुरुस्त केली.

राग हा त्यांचा कायमचा पत्ता होता. फाट्यावर कुणी उभं नसलं की ड्रायव्हर गाडी न थांबवता दामटायचे, त्यावरून भांडण. निडीला कुणी उतरणार नसलं तरी गाडी क्षणभर उभी राहिलीच पाहिजे, यावरून भांडण. "वेळ जातो" असं कुणी म्हणालं की त्या उसळायच्या. चिखलाच्या भागाने गोष्ट पुढे सरकत नाही असं मीच एकदा सहज बोलून गेले, तर म्हणाल्या, "गोष्टीला काय धाटावची शिफ्ट गाठायची हाय?"

त्या एवढ्या का चिडतात ते मला पावसाळ्यात कळलं. वडखळला हायवेचं काम चालू होतं, गाडी तासभर जागची हलली नाही. बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि समोर बघत बोलायला लागल्या. त्यांचं गाव पेणच्या खाडीकाठचं, मिठागरांचं आणि खाऱ्या भातशेतीचं. त्या आठवीत असताना अवसेच्या उधाणात, दुपारी बाराच्या भरतीला, गावच्या बांधाला खांड गेली. खांड म्हणजे भगदाड. पुरुष माणसं मिठागरावर, लांब. गावात बायाच. त्यांनी चिखलाचे गोळे टाकले, पेंढा टाकला, काही टिकेना. मग बाया स्वतःच खांडीत उतरल्या. एकमेकींच्या कमरेला धरून, पाण्याला पाठ देऊन, ओळीने उभ्या राहिल्या, आणि उरलेल्यांनी त्यांच्या आडोशाने चिखल-पेंढा भरत आणला.

"आय मधोमध होती," बाई म्हणाल्या. "भरती उलटेपरेंत उभी. एक बाई व्हावत गेली, तिसऱ्या दिवशी मिलाली. शेतं वाचली, घरं वाचली. आनि पेपरात काय आलं म्हायतीय? भरतीचं पाणी ओसरल्याने अनर्थ टळला." त्या माझ्याकडे वळल्या. डोळे लाल झाले होते, रडू नव्हतं त्यात. "ओसरलं नाय गो. अडवलं."

त्या बावीस मिनिटांत नेमकं हेच आहे. खाजणात राहणारी माणसं त्या सहा जणांना बांधावरून पलीकडे नेत असतात. बांध फुटतो. एक म्हातारी आधी खांडीत उतरते, तिच्यामागे बाकीची उतरतात, आणि सहा जण पार होईपर्यंत पाणी अंगावर घेऊन उभी राहतात. "त्या लेखकाला हे सांगितलं कुनी?" बाई नेहमी विचारायच्या. तेवढ्यापुरता त्यांच्या आवाजातला राग जायचा.

आमचा एक गट होता, मोबाइलवर. पेण-रोह्यातले त्या मालिकेचे वेडे, तीस-एक जण. मीच सुरू केला होता, बाईंना मीच त्यात घेतलं होतं. गटातलं वजनदार माणूस म्हणजे क्लासवाले सर. पेणला त्यांचे शिकवणीवर्ग, प्रोजेक्टर लावलेला हॉल, बोलणं अगदी नीटस. सर छोट्या आवृत्तीच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं, हे मी आजही मान्य करते. सिनेमाला वेग लागतो, पुस्तकातलं पानन्‌पान पडद्यावर आणलं तर त्याचा लग्नाचा व्हिडिओ होतो, आणि दिग्दर्शकाने थेटरासाठी ते आपण होऊन कापलं त्यामागे काही विचार असेलच, असं ते लिहायचे. बाई लिहायच्या नाहीत. रोहा स्टँडवरून बोलून पाठवायच्या, मागे गाड्यांचे हॉर्न आणि गोळ्या-बिस्किटं विकणाऱ्यांचे आवाज.

"सर, सा जनं खाजनात शिरली आनि भाईर आली. मधी काय झालं ते नको? मानसं मेली ती नको?"

"बाई, तुमच्या भावना समजतात. पण त्यांच्या मरण्याने कथानक पुढे जात नाही. सिनेमाचं एक व्याकरण असतं."

"व्याकरन तुमच्या क्लासात शिकवा."

यावर कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकली. कुणीतरी गटाचं नाव बदलून 'चिखल विरुद्ध कथानक' केलं. मीही हसरा चेहरा टाकला, हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःला फार भली समजायला लागेन.

शेवटी ठरलं की चौथा सिनेमा सगळ्यांनी एकत्र बघायचा आणि मग बोलायचं. सरांचा हॉल, रविवार, दुपारी दोन वाजता. कुठली आवृत्ती यावर मतदान झालं आणि थोडक्यात लांब आवृत्ती जिंकली. लॅपटॉप माझा, दोन्ही आवृत्त्या त्यात होत्या. बाईंनी ड्युटी बदलून घेतली. आणि आईला घेऊन आल्या.

ते मला अपेक्षित नव्हतं. आई सत्तरीच्या पुढच्या, बारक्या, नऊवारी नेसलेल्या. त्यांच्याबरोबर गावच्या आणखी दोन म्हाताऱ्या. तिघी पहिल्या रांगेत, विद्यार्थ्यांच्या बाकांवर, पाय वर घेऊन बसल्या. बाईंनी त्यांना गोष्ट आधी सांगून ठेवली होती. इंग्रजी आहे, मी कानात सांगत जाईन, असंही. "आये, खांड बगायची हाय आज," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. सहा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

दोनला लाईट गेली. पावणेतीनला आली. लांब आवृत्ती जवळजवळ साडेतीन तासांची. सर माझ्या खुर्चीमागे येऊन कानाशी बोलले. "सहाला माझी बॅच आहे. पालक येऊन बसतील. छोटीच लाव. आणि ती हिंदीत आहे, आजींना उलट जास्त कळेल. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

मी छोटी लावली.

सरांनी माझा हात धरून बटण दाबलं नाही. वाद घालायला दोन मिनिटं लागली असती, सर नाराज झाले असते, आणि मला ते नको होतं. हॉल त्यांचा होता, लोक त्यांचं ऐकत होते. म्हाताऱ्यांना हिंदी बरी, हे मी मनाशी लगेच पटवूनही घेतलं. हिंदी बोलणं सुरू झाल्याबरोबर बाई वळल्या. चेहरा उजळला होता. "हिंदीत आली व्हय लांबवाली? मला सांगितलं नायस गो!" त्यांना वाटलं, मी त्यांच्या आईसाठी कुठून तरी शोधून आणली. मी मान हलवली. ती मान तेव्हा हलली नसती तर, असं आजही वाटतं.

पावणेदोन तासांनी ते सहा जण खाजणाशी आले. बाई आईच्या कानाशी झुकल्या, खांद्यावर हात ठेवला. पडद्यावर ते सहा जण चिखलात उतरले, धुकं आलं, आणि पुढच्या दृश्यात ते किनाऱ्यावर पाय पुसत होते.

बाई तशाच झुकलेल्या राहिल्या. आईने पडद्याकडे बघत विचारलं, "आता दावतील ना गो?" शेजारची म्हातारी म्हणाली, "मागाशीच गेलं का काय? माजा डोला लागला व्हता."

बाई उठल्या आणि प्रोजेक्टरच्या उजेडातून सरळ माझ्याकडे चालत आल्या. त्यांची सावली पडद्यावर पडली, मागून कुणीतरी "खाली बसा" म्हणालं. आता ओरडतील म्हणून मी खांदे आवळून घेतले होते. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा तो हळू आवाज मला माहीतच नव्हता.

"मशिनीवर तूच व्हतीस ना?"

"बाई, लाईट गेली ना. वेळ नव्हता."

"पेपरवाल्याला पन नव्हता," त्या म्हणाल्या.

सर मध्ये पडले. बाई, हॉलची अडचण होती, तुम्हाला ती फाइल पाठवू, घरी निवांत बघा. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईच्या चपला बाकाखालून काढल्या, पायापाशी ठेवल्या. "चल आये. संपलं." तिघी म्हाताऱ्या काही न कळून त्यांच्या मागे बाहेर पडल्या. आई दारात थांबून मला म्हणाल्या, "लांबून आलो गो आमी." तक्रार नव्हती त्यांच्या बोलण्यात, नुसतं सांगणं होतं. तिघी गेल्यावर सिनेमा पूर्ण झाला. टाळ्या पडल्या. सहाची बॅच वेळेवर सुरू झाली.

सोमवारी गाडीत बाई माझ्यासमोर आल्या, नजर तिकिटाच्या मशीनवर. "कुठं?"

सहा वर्षं त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, रोहा. त्यांनी तिकीट दिलं आणि पुढे गेल्या. मंगळवारी पुन्हा "कुठं?" बुधवारीही तेच. महिनाभर रोज. सुरुवातीला मला शरम वाटली, मग मी संतापले. एका सिनेमासाठी एवढं? मी काय त्यांच्या घराला आग लावली? मीही खिडकीबाहेर बघत 'रोहा' म्हणू लागले, तेही असं की जणू मीच त्यांना शिक्षा देते आहे. आम्ही दोघी त्या गाडीत एकमेकींवर इतक्या रागावलेल्या असायचो की ड्रायव्हर मामांनी एकदा मला स्टँडवर गाठून विचारलं, "काय गो, जमिनीवरून वाद हाय का?"

मग सरांनी गटावर एक चित्र टाकलं. चिखलात रुतलेली लाल गाडी आणि खाली ओळ, 'लांब आवृत्ती: गाडी पुढे जात नाही'. सव्वीस जणांनी हसरे चेहरे टाकले. बाई गटातून त्याच रविवारी बाहेर पडल्या होत्या, त्यांना ते दिसणारही नव्हतं. मला दिसलं. लॅबमध्ये हातातलं काम टाकून मी लिहायला बसले. काय काय लिहिलं ते आता सगळं आठवत नाही. त्या पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या कोण होत्या ते लिहिलं. मतदान लांब आवृत्तीचं झालं असताना छोटी कुणाच्या सांगण्यावरून लागली ते लिहिलं, आणि लावली मी, हेही. सरांचं उत्तर आलं, "ताई, वैयक्तिक होऊ नका. आपण सिनेमाबद्दल बोलतोय." मी त्यावर जे लिहिलं ते इथे छापता येणार नाही. मी सुरू केलेल्या गटातून मीच बाहेर पडले. त्यात भलेपणा काही नव्हता. ज्या माणसाला नाही म्हणायची हिंमत वेळेवर झाली नाही, त्याला उशिरा शिव्या घालून मी मोकळी होत होते.

पुढचे दोन महिने मी त्या बावीस मिनिटांना मराठी अक्षरं लावली. पडद्याखाली उमटतात तशी, वाक्यन्‌वाक्य. कुणी शिकवलं नाही, चुकत शिकले. 'दलदल' कुठेही लिहिलं नाही. मग एका रविवारी लॅपटॉप घेऊन वडखळला उतरले, रिक्षा केली आणि बाईंच्या गावी गेले. बाई ओटीवर मासळी साफ करत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. आईच आतून म्हणाल्या, "कोन, ती मशिनीवाली? ये गो, बस."

मी म्हणाले, "बाई, आईंसाठी आणलंय. मराठीत केलंय मी." आणि लॅपटॉप उघडून पहिलं वाक्य दाखवलं.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आय वाचीत नाय," त्या म्हणाल्या.

दोन महिने. एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी ओल्या हाताने कोयता बाजूला सारला आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तुमी लोकं विचारीत का नाय गो? कापताना विचारीत नाय, जोडताना विचारीत नाय! आमच्यासाठी काय करायचं ते तुमीच ठरवनार, तुमीच खूश व्हनार!" शेजारच्या घरातल्या बाया ओटीवर आल्या. मी उभी राहिले आणि ऐकून घेतलं. त्यांच्या बोलण्यात खोडायला एक शब्द नव्हता.

दम लागला तेव्हा त्या थांबल्या. हात धुतले, लुगड्याला पुसले, लॅपटॉप माझ्या हातून ओढून आईपुढे ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसल्या. "लाव," म्हणाल्या. आणि मी लिहिलेलं वाक्यन्‌वाक्य त्या मोठ्याने बोलू लागल्या, पण माझ्या मराठीत नाही, त्यांच्या. गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा तो आवाज. शेजारणी सरकत सरकत जवळ आल्या. पडद्यावरची म्हातारी खांडीत उतरली तेव्हा ओटीवर वीस-बावीस जणी होत्या.

आई बारकाईने बघत होत्या. "पेंढा कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "नुसत्या चिखलानं खांड रायील व्हय?" थोड्या वेळाने, "पान्याकडं तोंड करून उभी रायली ती. मरंल नाय तर काय. पाठ द्यायची असते." आजूबाजूच्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ते सहा जण पार झाले, खाजणातली माणसं पाण्याखाली गेली, पडदा क्षणभर काळा झाला.

"यांची नावं काय व्हती?" आईने विचारलं.

बाई मला म्हणाल्या, "शेवटची पाटी लाव. कामं कुनी केली ती." मी लावली. नावं वर सरकत गेली. बाई बोट ठेवून शोधत होत्या. त्या इंग्रजी अक्षरं जुळवत गेल्या, मी अर्थ सांगत गेले, "दलदलीतली बाई. दलदलीतला पुरुष एक. पुरुष दोन. पुरुष तीन." त्यांनी तीनदा वर-खाली करून पाहिलं. नावं नव्हती. नट-नट्यांची होती. खाजणातल्या माणसांना कुणी नाव दिलंच नव्हतं.

"नाय दिली आये," त्या म्हणाल्या. "ही लांबवाली पन कापलेलीच हाय." ज्या आवृत्तीसाठी त्यांनी भर रस्त्यात गाड्या थांबवल्या होत्या, तिच्याकडे त्या अशा बघत होत्या, जशा त्या दिवशी हॉलमध्ये माझ्याकडे.

आईला त्या रागाशी देणंघेणं नव्हतं. त्या बोटांवर मोजत बोलू लागल्या होत्या. "माज्या उजव्या अंगाला सखू. तिच्या पलीकडं भिमा. मग चांगुना, ती तवा पोटुशी. डाव्या अंगाला तारा, पारू, मग ती रोह्याची सून, काय तिचं नाव, इंदू. आनि टोकाला गंगा. गेली ती गंगा." सगळी इथे लिहीत नाही, अशी चौदा नावं. कोण कुणाच्या शेजारी, कुणाचा पाय आधी सुटला, कुणी कुणाचं लुगडं धरलं होतं. ओटीवरच्या एकीने मध्येच तोंडाला पदर लावला. भिमा तिची सासू होती.

बाई मान खाली घालून ऐकत होत्या. नावं संपल्यावर मला म्हणाल्या, "मला गंगाकाकीचं तेवढं म्हायीत व्हतं. बाकीच्यांना मी पन नुसतं 'बाया'च म्हनत आले गो. तुला सांगितलं तवा पन." मग एकदम माझ्यावर खेकसल्या, "बगतेस काय? लिव्ह."

मी लिहून घेतली. बाईंनी शेजारी बसून प्रत्येक नाव तपासलं, दोन ठिकाणी माझी चूक काढली, एका ठिकाणी त्यांच्या आईने त्यांची काढली.

परतताना त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. रिक्षा दिसल्यावर म्हणाल्या, "तू कापलंस ते कापलंसच. ते जायाचं नाय." मी हो म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी आईच्या दुखण्यामुळे बदली मागून घेतली, घराजवळच्या फेऱ्यांवर. रोहा गाडीवर आता एक तरुण कंडक्टर आहे, भला आहे, कुणावर रागावत नाही. निडीला कुणी नसलं की तो गाडी न थांबवता पुढे जाऊ देतो. मी दोनदा त्याच्याशी त्यावरून भांडले आहे.

मध्ये बातमी आली की त्या चौथ्या सिनेमाची आणखी लांब, तिसरी आवृत्ती येणार आहे, आणि या वेळी हिंदीतही. जुन्या मंडळींमध्ये पुन्हा जुंपली. सरांनी म्हणे लिहिलं की आता तर चिखलाचा महासागर येणार. मी बाईंना फोन लावला. दीड वर्षाने. त्यांनी उचलला, मागे भांडी वाजत होती.

"बाई, ऐकलंत का? आणखी लांब येतेय. हिंदीत."

"त्यात नावं हायत?"

"माहीत नाही अजून."

"मग आधी तू बग," त्या म्हणाल्या. "असली तर आयेला घेऊन येते. नसली तर फोन करू नको."

आणि फोन ठेवला.